गोटी दोनच्याच रेघेवर राहू दे

पत्र थोडक्यात असं: निपाणीजवळच्या एका गावातल्या सूनबाईंनी लिहिलंय. सासरे ७१ वर्षांचे. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, जोडीला बिडी. दोन महिन्यांपूर्वी दम फार लागला म्हणून बेळगावला नऊ दिवस दवाखान्यात होते. सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) निघाला. घरी सोडताना डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं मशीन) लावायला सांगितलं, मिनिटाला दोन लिटरवर, दिवसाला कमीत कमी १५ तास. मशीन आलं आणि घरात तीन पक्ष झाले. सासूबाई म्हणतात, "एकदा नळी लागली की सुटत न्हाई बघ, सवय लावू नको." नवरा बेळगावात उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आहे. मशीन आल्यापासून शून्याचं वीजबिल गेलं म्हणून तो म्हणतो, "आमच्या कटिंगचं सिलिंडर आणतो की, गॅस तोच." सूनबाईंना वाटतं, ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला. देवघर आणि सासऱ्यांची खाट एकाच खोलीत, समई दोन वेळा लागते. सासऱ्यांनी बिडी 'जवळजवळ' सोडली आहे. प्रश्न असा: सिलिंडर आणावं का, सासूबाईंना कसं समजवावं आणि ही नळी आता कायमची का?

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, सहीच्या वर लिहिलंय. "हल्ली मामंजी सकाळी डोकं धरून बसतात, दिवसभर पेंगतात, अशक्तपणा फार आलाय." त्याच्या जरा आधी लिहिलंय की बोटाच्या यंत्रावर (ऑक्सिमीटरवर) रक्तातला ऑक्सिजन ९० टक्केच दिसतो, मोबाइलवर तर ९५ च्या वर हवं असं सांगतात, म्हणून गेला आठवडाभर रात्री तुम्ही मशीनवरची लिटर दाखवणारी गोटी चारवर चढवून ठेवता. ही दोन वाक्यं तुम्ही वेगवेगळी लिहिलीत. मला ती एकच वाटली.

म्हणून सिलिंडर, समई, वीजबिल सगळं नंतर. हे वाचून झालं की आजच डॉक्टरांना फोन करा आणि ही दोन्ही वाक्यं त्यांना एका दमात सांगा: चार लिटर ठेवत होते, सकाळी डोकं दुखतं, दिवसा झोप आवरत नाही. गोटी पुन्हा दोनवर आणा. मशीन मात्र घाबरून एकदम बंद करू नका, त्यानंही धोका होतो. मामंजी हाक मारून नीट जागे होत नसतील, बोलण्यात गोंधळ असेल, हात पुढे धरायला सांगितल्यावर पंजे फडफडत असतील, तर फोनवर वेळ घालवायचा नाही, १०८ बोलवायची.

तुम्ही डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्यात औषधांच्या खाली इंग्रजीत '८८–९२' असं लिहिलंय. तुम्ही पत्रात म्हणता, "घरी आणलं तेव्हा त्यांचं ८८ ते ९२ होतं." तसं नाही हो. ते तेव्हाचं रीडिंग नाही, ते डॉक्टरांनी आखून दिलेलं कुंपण आहे. मामंजींचा आकडा या कुंपणाच्या आत ठेवायचा, खाली जाऊ द्यायचा नाही आणि वरही नाही. म्हणजे यंत्रावर ९० दिसत होतं तेव्हा मामंजी अगदी जिथं असायला हवेत तिथंच होते. ९५ चा आकडा तुमच्या-माझ्या फुप्फुसांसाठी.

आता हे असं उलटं का, ते सांगते, कारण कारण कळल्याशिवाय रात्री दोन वाजता हात पुन्हा गोटीकडे जाईल. श्वासाची कामं दोन. ऑक्सिजन आत घ्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. धुराने, धुळीने वर्षानुवर्षं खराब झालेल्या फुप्फुसात काही भाग बरे असतात, काही निकामी. शरीर हुशार आहे. निकामी भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या ते आखडून घेतं आणि रक्त बऱ्या भागाकडे वळवतं, पाटाचं पाणी पडीक वावराकडून मोडून उभ्या पिकाला द्यावं तसं. बाहेरून गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की निकामी भागातही तो पोचतो, आखडलेल्या वाहिन्या सैल होतात आणि पाणी पुन्हा पडीक वावरात जातं. तिथं गेलेल्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. त्यात रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलं की धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड सोडून देतं, आणि श्वासाचा जोरही थोडा मंदावतो. तिन्ही मिळून तो रक्तात साठतो. सकाळची डोकेदुखी, पेंग, गुंगी ही त्याचीच लक्षणं असू शकतात. आणि गंमत अशी की बोटाचं यंत्र यातलं काहीच दाखवत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. आकडा ९६, ९७ दिसत असतो, घरचे खूश असतात आणि माणूस आत गुदमरत असतो. खरं काय ते मनगटाच्या धमनीतून रक्त काढून केलेल्या तपासणीत कळतं. एबीजी म्हणतात तिला. डॉक्टर ती सांगतील तर नको म्हणू नका. सुई जरा दुखते, पण उत्तर तिथंच आहे.

मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली. रात्रपाळीला मी स्वतः नातेवाइकांनी हळूच वर केलेल्या किती गोट्या खाली आणल्या असतील त्याचा हिशोब नाही. प्रत्येक वेळी करणारा माणूस मायेनंच करायचा. पेज जरा जास्त वाढावी तसा. तुम्हालाही बोल लावत नाही. ऑक्सिजन हवेतच असतो, शंभरात एकवीस भाग, म्हणून तो आपल्याला औषध वाटतच नाही. पण बीपीची गोळी एकच्या जागी दोन दिली असतीत का? नाही ना. कायद्यातही तो औषधच आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. १७७४ मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रिस्टलीनं हा वायू वेगळा काढला, आधी उंदराला दिला, मग स्वतः हुंगून पाहिला. छान हलकं वाटलं त्याला. तरी लगेच शंकाही आली की या हवेत मेणबत्ती जशी झरझर जळून जाते तसे आपणही लवकर जळून जाऊ की काय. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला जे खटकलं ते मोबाइलवरच्या व्हिडिओवाल्यांना खटकत नाही.

जाता जाता, गोटी वाचायची कशी हेही सांगते, कारण निम्म्या घरांत ती चुकीची वाचतात. डोळे गोटीच्या पातळीला आणायचे आणि दोनची रेघ गोटीच्या बरोबर मधून जायला हवी. वरच्या किंवा खालच्या कडेला नाही. उभ्यानं वरून बघितलं तर आकडा चुकतो. बोटाचं यंत्र लावतानाही हात उबदार हवा, बोटावर मेंदी, नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्यायचं. थंड बोटावर ८४ बघून गावभर फोन करणारे मी पाहिलेत.

आता आत्याबाईंची, म्हणजे तुमच्या सासूबाईंची, 'सवय'. त्यांना खोडून काढू नका, त्यांनी बघितलंय ते खोटं नाही. त्यांच्या ओळखीत ज्याला ज्याला नळी लागली तो पुढे नळीशिवाय राहिला नाही, असंच असणार. फक्त त्यांनी कारण उलटं जोडलंय. लोक छत्र्या उघडतात म्हणून काही पाऊस पडत नाही. फुप्फुसं थकलेली होती म्हणून नळी लागली. ऑक्सिजनचं व्यसन लागत नाही, शरीर त्याला चटावत नाही. उलट ज्यांचा आकडा बसल्या जागी ८८ किंवा त्याच्या खाली राहतो अशा रुग्णांना रोज १५ तासांहून जास्त ऑक्सिजन दिला तर ते जास्त जगतात, हे १९८० आणि १९८१ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या दोन अभ्यासांतून दिसलं. तुमच्या कार्डावरचे '१५ तास' तिथून आलेत.

पण, आणि इथं आत्याबाईंना थोडा आनंद होऊ दे, नळी सगळ्यांना कायमची लागतेच असं नाही. २०१६ साली ७३८ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. ज्यांचा आकडा थोडासाच कमी होता त्यांना घरच्या ऑक्सिजननं ना आयुष्य वाढलं ना दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. दवाखान्यातून घरी येताना माणूस आजारातून नुकताच उठलेला असतो, तेव्हाचा आकडा हा त्याचा नेहमीचा आकडा नसतो. म्हणून डिस्चार्जनंतर ६० ते ९० दिवसांनी पुन्हा तपासून नळी हवीच आहे का, किती हवी, हे ठरवायचं असतं. तुमचे दोन महिने झालेत. म्हणजे "कायमचं का?" हा प्रश्न मला विचारण्याऐवजी आता डॉक्टरांना विचारायची वेळ बरोबर आली आहे. बसल्या जागी, झोपेत आणि सहा मिनिटं चालवून, तिन्ही आकडे बघा म्हणावं.

आणखी एक गृहीत तुमच्या पत्रात जागोजाग आहे. दम लागला म्हणजे ऑक्सिजन कमी पडला. नेहमी तसं नसतं. मामंजींच्या आजारात हवा आत जाण्यापेक्षा बाहेर पडायला त्रास असतो. आकडा ९० असताना धाप लागली तर गोटी वर नेऊन काही होणार नाही. खुर्चीत बसवा, कोपरं मांडीवर टेकून पुढे झुकू दे, नाकानं श्वास आणि ओठांचा चंबू करून, दिवा हळू विझवावा तसा उच्छ्वास. तोंडावर छोटा पंखा धरा, त्यानं धाप खरंच कमी वाटते. औषधाचा पंप (इनहेलर) घ्यायची पद्धत एकदा फार्मासिस्टसमोर करून दाखवा, बहुतेकांचं औषध घशातच बसतं. कापूर-ओव्याची पुरचुंडी कोरोनात घरोघर आली होती, तुमच्याही खाटेला बांधलेली आहे असं दिसतं. तिनं ऑक्सिजन वाढत नाही आणि कापूर पेट घेतो. काढून टाका.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ते निम्मं खरं आहे. हवा थंड करून करून तिचं पाणी करायचं, मग नायट्रोजन आधी उकळून जातो आणि उणे १८३ अंशांना उकळणारा ऑक्सिजन मागे राहतो, फिकट निळ्या रंगाचा. कारखान्याचा आणि दवाखान्याचा ऑक्सिजन निघतो तो असाच, बऱ्याचदा एकाच प्लँटमधून. कटिंगचा गॅस तर ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध लागतो, नाहीतर पत्रा सरळ कापला जात नाही. तुमच्या मशीनमधून ९३ टक्क्यांच्या आसपासच येतो. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं बहुतेक कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवून दवाखान्यांकडे वळवला, हेही त्यांना आठवत असणार. म्हणून "तोच की" असं ते म्हणतात.

गॅस तोच. सिलिंडर तेच नाही. कटिंगचं सिलिंडर आजवर कुठं कुठं आडवं पडलं, त्यात ओल शिरली का, गंज आहे का, बाजूच्या ॲसिटिलीनचा (कटिंगला लागणाऱ्या जळाऊ गॅसचा) उलटा झटका त्यात कधी गेला का, हे कोणी तपासून लिहून ठेवत नाही, कारण लोखंडाला त्यानं फरक पडत नाही. मामंजींच्या फुप्फुसाला पडतो. दवाखान्याचं सिलिंडर भरण्याआधी रिकामं करून तपासतात, भरल्यावर गॅसची तपासणी होते, बॅच नंबर लागतो, भरणाऱ्याकडे औषधाचा परवाना असतो. रंगानं ओळखायचं तर वैद्यकीय सिलिंडर म्हणजे काळं अंग आणि पांढरी मान. कारखान्याचं पायापासून मानेपर्यंत काळं.

दुसरं, कटिंगच्या रेग्युलेटरचा काटा दाब दाखवतो. मिनिटाला किती लिटर, ते त्यात नसतंच. त्यावरून दोन लिटर मोजणार कसं? वर कित्येकदा जोड तंतोतंत बसतो, म्हणून माणूस फसतो. आणि तिसरं तुमच्या यजमानांना चांगलं माहीत असणार, घरच्यांना नसेल: भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब असतो चौरस सेंटीमीटरला सुमारे १५० किलो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सत्तरपट तरी. अशा दाबाच्या ऑक्सिजनला ग्रीस किंवा तेल लागलं तर ठिणगीचीही गरज नसते. वर्कशॉपमधून आलेले हात आणि वर्कशॉपचा पाना, नको.

आता राहिला पैसा, आणि मला वाटतं खरं भांडण तिथंच आहे. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं. १५ तास चाललं तर रोज सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. तुमचा आधीचा वापर ७० युनिट, म्हणजे बेरीज २०० च्या पुढे, आणि गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेत, २०० ओलांडले की हेस्कॉम या वीज कंपनीचं पूर्ण बिल येतं. त्यांचा जीव जळतो ते साहजिक आहे. पण सिलिंडरचा हिशोब मांडून बघा. लहान, बी टाइप सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर गॅस. दोन लिटरनं साडेबारा तास. रोजचे १५ तास म्हणजे महिन्याला छत्तीस सिलिंडरं! मोठं डी टाइप, सात हजार लिटरचं, चार दिवसही पुरत नाही. ते कोण उतरवणार, कोण चढवणार? गॅस स्वतः स्वस्त आहे. २०२० च्या सप्टेंबरात सरकारनं भरणाऱ्यासाठी घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ही कमाल किंमत ठरवली होती. त्या दरानं लहान सिलिंडरमधला गॅस चाळीस रुपयांच्या आतला, जीएसटी सोडून. बाकी सगळं भाडं, डिपॉझिट आणि वाहतूक. मशीन इथं स्वस्तच पडतं. जुन्या मशीनच्या मागे वॉटचा आकडा असतो, तो बघा. आणि फेरतपासणीत तास कमी झाले किंवा नळीच गेली, तर बिल आपोआप उतरेल. वाचवायचं तर तिकडून वाचवा.

एक वैद्यकीय लहान सिलिंडर मात्र घरात हवंच, वीज गेल्यावर. इन्व्हर्टरवर मशीन चालेल, पण १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर तीनेक तास, जुन्यावर कमी. पावसाळ्यात तुमच्याकडे रात्रभर लाइट जाते हे तुम्हीच लिहिलंय. सिलिंडर उभं, भिंतीला साखळीनं बांधून, स्वयंपाकाच्या गॅसपासून लांब. व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. यजमानांचं सिलिंडरचं ज्ञान इथं कामाला लावा. हे खातं त्यांच्याकडे द्या, मान राहील आणि काम चोख होईल.

आता समई. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला जोर देतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो चादरीत, स्वेटरमध्ये, केसांत मुरतो, आणि मग उदबत्तीच्या टोकानंही कापड धडधडून पेटतं. नळी सुरू असताना ज्योत, उदबत्ती, डासांची कॉइल, शेगडी, सगळं निदान दहा फूट लांब. तुमच्या खोलीत खाट आणि देवघर यांत सहा फूट आहेत म्हणता. देव हलवायचे का खाट? खाट हलवा. नळी ५० फुटांपर्यंत लांबवता येते, सोप्यात खाट घेतली तर मामंजींना रस्ताही दिसेल.

पण मला समईपेक्षा आरतीच्या तबकाची भीती जास्त वाटते. डोळ्यांसमोर आणा. आरती झाली, आत्याबाई तबक घेऊन खाटेपाशी आल्या, मामंजींनी दोन्ही हात ज्योतीवर धरून तोंडावरून फिरवले, आणि ज्योत नाकातल्या नळीपासून वीतभर. वर्षानुवर्षांची रीत आहे, कोणाच्या मनातही येत नाही. असं करा: आरती तुम्ही किंवा नातवानं घ्यायची आणि ते हात जाऊन मामंजींच्या तोंडावरून फिरवायचे. तबक खोलीबाहेर राहील, आशीर्वाद आत पोचेल. आत्याबाईंना हे पटेल. नातवाचं नाव काढलं की नक्कीच. दिवाळीत, वाढदिवसाला ओवाळताना मशीन बंद, नळी काढलेली, आणि अंगावरचं पांघरूण दूर.

नाक कोरडं पडतं म्हणून त्या तूप, खोबरेल लावतात, रात्री व्हिक्स. नळी असताना तेलाचं, तुपाचं, व्हॅसलीनसारखं काहीही नाकाजवळ नको. मेडिकलमध्ये पाण्यावरचं जेल आणि सलाइनचे थेंब मिळतात. आणि परसात बंब पेटतो त्याचा धूर मामंजींकडे येतो का ते बघा. तो धूर त्यांच्या फुप्फुसाला समईपेक्षा वाईट.

मशीनची देखभाल फार नाही. बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलायचं, बाटली रोज धुवायची. बाहेरचा स्पंज आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून. भिंतीपासून फूटभर लांब. मशीन खोलीतली हवा 'खाऊन टाकतं' असं आत्याबाई म्हणतात, तसं काही नाही. ते नायट्रोजन गाळून परत खोलीतच सोडतं. मात्र पिवळा दिवा लागला तर गॅस पातळ येतोय, दुरुस्तीवाल्याला बोलवा.

आता एक कार्ड करा. जाड कागदावर, मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत: सीओपीडी आहे, सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवा, जास्त ऑक्सिजन देऊ नका. आकडा आधी डॉक्टरांकडून पक्का करून घ्या. तुम्ही सीमेवर राहता. आज १०८ तुम्हाला बेळगावला नेईल, उद्या कोणी गाडी काढून कोल्हापूर गाठेल, तेच जवळ पडतं. तिथल्या माणसानं कागद वाचायच्या आत तोंडावर मास्क चढवलेला असतो, तोही मायेनंच. हे कार्ड मामंजींच्या खिशात आणि एक मशीनला चिकटवलेलं असू दे.

आणि मामंजींना कोणी विचारलंय का? चार पानांत त्यांचं एकच वाक्य आहे, "कट्ट्यावर जायचं बंद झालं." १५ तास म्हणजे नऊ तास मोकळे आहेत हो! रात्रीचे नऊ, दुपारच्या झोपेचे दोन, पेपर आणि टीव्हीचे चार, झाले १५. संध्याकाळी नळी काढून कट्ट्यावर जाऊ द्या, डॉक्टरांनी चालवून बघितल्यावर. लोक आले की नळी लपवतात तेही थांबेल.

राहिली 'जवळजवळ' सोडलेली बिडी. ऑक्सिजन आणि बिडी एका घरात नांदत नाहीत. नळी काढून ओढली तरी मिशीत आणि सदऱ्यात ऑक्सिजन असतोच. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची एका बाजूची मिशी आणि भुवई मी माझ्या डोळ्यांनी गेलेली पाहिलीय, आणि तो नशिबवान होता. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, त्यावर ते स्वतः बोलले तर उत्तम. तोवर कट्ट्यावर निघताना खिशात काड्यापेटी आहे का ते बघायला हवं. हे काम तुम्ही करू नका, सुनेनं खिसे चाचपलेले त्यांना आवडणार नाहीत. आत्याबाईंना सांगा. त्यांना कुठला खिसा ते माहीत असेल.